एसएसआयएसमध्ये ‘डिले व्हॅलिडेशन’ सरसकट ट्रू करणं बरोबर का चूक?

अंबडचा_डेटावाला
मंडळी, मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डेटाचं काम बघतो, एसएसआयएस या मायक्रोसॉफ्टच्या टूलने एका डेटाबेसमधून दुसऱ्यात डेटा नेतो, गेल्या महिन्यात जे झालं त्यावरून स्पष्टच बोलतो. आमचा डिस्पॅचचा जॉब रात्री दोनला चालतो, आधी टार्गेट टेबल ट्रंकेट म्हणजे रिकामं, आणि मग सोर्सवरून लोड. कधीतरी कनेक्शन तुटलं तेव्हा एररमध्ये ‘व्हॅलिडेशन फेल’ असं दिसलं, म्हणून टीममधल्या एकाने सगळ्या टास्कवर आणि कनेक्शन मॅनेजरवर डिले व्हॅलिडेशन ट्रू करून टाकलं, म्हणजे तपासणी पॅकेज (टास्कचा संच) सुरू होताना न होता त्या त्या टास्कची पाळी आल्यावरच होणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! व्हॅलिडेशन फेल होतं कारण ते सोर्सला जाऊन कॉलम बघून येतं आणि कनेक्शनच नसेल तर बघणार काय? मग परवा सोर्सच्या लॉगिनचा पासवर्ड बदलला, आम्हाला कोणी कळवलं नाही. मूळ सेटिंग असतं तर पॅकेज सुरूच झालं नसतं, कालचा डेटा टेबलात राहिला असता. इथे ट्रंकेट झालं आणि मग लोड पडला. सकाळी सातच्या शिफ्टला डिस्पॅचवाल्यांपुढे कोरा रिपोर्ट, गेटवर गाड्या उभ्या.
म्हणून माझं म्हणणं, हे सेटिंग डीफॉल्टला फॉल्स असतं ते उगाच नाही, त्याला हात लावू नका.

रात्रपाळी_सातपूर
भाऊ, गाड्या उभ्या राहिल्या ते वाईटच झालं, पण दोष चुकीच्या जागी लावताय. चूक ट्रंकेटची आहे. आधी स्टेजिंगला (मधल्या तात्पुरत्या टेबलात) लोड करा, रो काउंट बघा, मगच मेन टेबल बदला, मग व्हॅलिडेशन आधी होऊ दे नाहीतर नंतर, टेबल रिकामं राहणारच नाही.
आणि माझ्याकडे कितीतरी पॅकेजेस अशी आहेत की स्टेजिंग टेबल पहिल्या टास्कमध्येच तयार होतं, म्हणजे पॅकेज सुरू होताना ते टेबल अस्तित्वातच नसतं. तिथे डिले नाही केलं तर जॉब जन्मात चालणार नाही. स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) टेंप टेबल असेल तर एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ पासूनच्या व्हर्जनला मेटाडेटाच, म्हणजे कॉलमची माहितीच, ठरवता येत नाही, ११५२६ नंबरची एरर येते, तिथे विथ रिझल्ट सेट्स लिहून कॉलम स्वतः सांगावे लागतात. पुस्तकात सगळं छान असतं हो, रात्री तीनला फोन मला येतो.

अंबडचा_डेटावाला
ट्रंकेटचं मान्य, तो क्रम आम्ही बदललाय. टेबल पॅकेजमध्येच बनत असेल तर त्या एका टास्कवर डिले करा, माझी काही हरकत नाही. भांडण ‘सरसकट’ या शब्दाशी आहे. ज्याने सगळीकडे ट्रू केलं त्याने एरर वाचलीच नव्हती. एरर नंबर १८४५६ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचलात, लॉगिन नाकारलंय. २६ असेल तर सर्व्हर किंवा इन्स्टन्सच सापडत नाहीये, नेम्ड इन्स्टन्स असेल तर ब्राउझर सर्व्हिस चालू आहे का आणि यूडीपी १४३४ उघडा आहे का ते बघायचं. या दोन गोष्टींचा मेटाडेटाशी काडीचा संबंध नाही.
आणि ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणणाऱ्यांसाठी अजून एक, प्रोटेक्शन लेव्हल डीफॉल्टला युजर कीवर असते, म्हणजे पासवर्ड तुमच्या विंडोज लॉगिनने एन्क्रिप्ट होतो, रात्री जॉब चालवणारी सर्व्हिस, म्हणजे एजंट, तो दुसऱ्या अकाउंटने चालवतो आणि त्याला तो उघडता येत नाही. मग तुम्ही टेस्ट कनेक्शन शंभर वेळा दाबा, ग्रीनच येणार.

पिंपळगाव_पॅकहाउस
तुम्ही दोघं पडणाऱ्या जॉबवर भांडताय, मला न पडणाऱ्या जॉबची भीती वाटते. आम्ही द्राक्ष निर्यातीचा प्लॉटनिहाय डेटा एक्सेलमधून घेतो. प्लॉट कोडच्या कॉलममध्ये वरच्या ओळी नुसते आकडे, खाली कुठेतरी अक्षरवाले कोड. एक्सेलचा ड्रायव्हर डीफॉल्टला पहिल्या आठच ओळी बघून टाइप ठरवतो, त्याने आकडा ठरवला आणि अक्षरवाले सगळे कोड नल, म्हणजे रिकामे, होऊन आले. जॉब सक्सेस! ऐन हंगामात पेटीवरचा कोड कुठल्या बागेचा ते सिस्टिममध्ये लागेना, दोन माणसं दोन दिवस रजिस्टर घेऊन बसली. आता फाइल आधी सीएसव्ही करून सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून घेतो आणि नल किती आले ते मोजतो, शून्याच्या वर एक जरी आला तरी लोड थांबवतो.

गंगापूररोड_डीबीए
सोर्सच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या, बाजूने मी बोलते. ‘न सांगता कॉलम बदलला’ हे आम्हाला कायम ऐकवतात, पण कुठलं पॅकेज आमचं कुठलं टेबल वाचतं हे कोणी कधी लिहून दिलंय का? थेट टेबलावर सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम घ्या) मारून ठेवायचं आणि मग आमच्यावर ओरडायचं. आम्ही व्ह्यू (टेबलावरची ठरलेली क्वेरी) देतो तो वापरा, कॉलमची नावं लिहून घ्या, खालचं टेबल बदललं तर व्ह्यू सांभाळणं आमचं काम.
आणि अंबडवाले भाऊ, व्हॅलिडेशनवर एवढा भरवसा ठेवू नका. आम्ही पार्टीच्या नावाची लांबी २० ची ४० केली तेव्हा पॅकेजने फक्त वॉर्निंग दिली आणि चालत राहिलं. तीन आठवड्यांनी पहिलं लांब नाव आलं, ते २० मध्ये मावेना आणि पॅकेज ट्रंकेशनच्या एररने पडलं, तेव्हा तो बदल कोणाच्या लक्षातही नव्हता.

रात्रपाळी_सातपूर
ताई, हे मात्र मी अनुभवलंय, वॉर्निंग कोणी वाचतच नाही. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो, आधीच्या तपासणीने सगळं सापडत नाही.

अंबडचा_डेटावाला
सगळं सापडत नाही म्हणून जे सापडतं तेही बंद करायचं? हे मला पटणार नाही. ताई, व्ह्यूचं बरोबर आहे, आमच्या पॅकेजेसची टेबलांसकट यादी मी करायला घेतलीय, सोमवारपर्यंत आमच्या डीबीएंच्या हातात देतो. रात्रपाळीवाले दादा, तुमच्याकडे किती टास्कवर डिले खरंच लागतं ते एकदा मोजून इथे टाका ना.

रात्रपाळी_सातपूर
मोजले. ४१ टास्कवर ट्रू आहे, त्यातल्या ९ मध्ये टेबल पॅकेजमध्येच बनतं. बाकीचे ३२ कोणी आणि का केले ते कुठे लिहिलेलं नाही. रविवारी टेस्ट सर्व्हरवर एकेक फॉल्स करून बघतो, प्रॉडक्शनला इतक्यात हात लावणार नाही.