मदत हवी आहे : नाताळचा ग्लेझ केलेला हॅम स्लो कुकरमध्ये कसा करावा?

नमस्कार. आम्ही ओहायोमध्ये राहतो. यंदा नाताळच्या दुपारी सूनबाईंच्या माहेरची मंडळी धरून आम्ही दहा जण जेवायला आहोत, आणि त्यांच्या घरच्या प्रथेप्रमाणे मुख्य पदार्थ ग्लेझ केलेला (गोड, चकचकीत लेप दिलेला) हॅमच, म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांसच असावे, असे ठरले आहे. ओव्हन मात्र त्या दिवशी सकाळपासून रताळी, घेवड्याच्या शेंगांचा कॅसरोल आणि पाव यांसाठी अडकलेला असेल, म्हणून हॅम स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर कित्येक तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात करावा असा विचार आहे.

आणलेला हॅम हाडासकट, नडगीकडचा अर्धा भाग, ९ पौंडांचा (सुमारे ४ किलो) आणि आधीच हाडाभोवती सलग चकत्या पाडलेला, म्हणजे येथे ज्याला स्पायरल कट म्हणतात तसा आहे. वेष्टनावर ‘फुली कुक्ड’ असे स्पष्ट छापले आहे. सध्या तो फ्रीझरमध्ये आहे. स्लो कुकर लंबगोल, ७ क्वार्टचा (सुमारे साडेसहा लिटरचा) आहे. हॅम वेष्टनासकट त्यात ठेवून पाहिला, तेव्हा नडगीचे टोक काठाच्या वर आले आणि झाकण बसले नाही.

हॅम जर आधीच शिजलेला आहे, तर तो किती वेळ ठेवायचा, हा माझा पहिला प्रश्न आहे. काही पाककृतींत चार तास, तर काहींत आठ तास लिहिलेले आढळते, आणि इतक्या वेळात चकत्या कोरड्या पडतील अशी मला धास्ती वाटते. दुसरे असे की स्लो कुकरमध्ये वाफ कोंडून राहते. मग वरचा लेप चकचकीत आणि किंचित करपल्यासारखा खमंग कसा होणार? ब्राउन शुगरऐवजी थोडा गूळ आणि डब्यातल्या रसाऐवजी ताजे अननस वापरावे असे माझ्या मनात आहे. ते चालेल का? शिवाय कुकरला टायमर आहे. आदल्या रात्री हॅम आत ठेवून पहाटे कुकर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली, तर सकाळची धावपळ वाचेल. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद :

सर्वांत आधी टायमरबद्दल, कारण तो बेत सोडून द्यावा लागेल. ४० ते १४० अंश फॅरनहाइट (४ ते ६० अंश सेल्सिअस) या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि अशा स्थितीत मांस दोन तासांहून जास्त वेळ राहू देऊ नये, असे अमेरिकी कृषी विभाग सांगतो. रात्रभर बंद कुकरमध्ये ठेवलेला हॅम हा नियम सहज मोडेल. सकाळी साडेसातला स्वतः उठून कुकर सुरू करावा, यात फार कष्ट नाहीत.

हॅम फ्रीझरमधून काढून थेट कुकरमध्येही ठेवू नये. फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पौंडांना एक दिवस धरला, तर आपल्या ९ पौंडांना दोन दिवस लागतात. तेव्हा २३ तारखेची वाट न पाहता २२ च्या सकाळीच तो खालच्या कप्प्यात, ताटात ठेवून द्यावा, म्हणजे गाठीशी थोडा जास्त वेळ राहील.

आता वेळेचे. आपल्याला हॅम शिजवायचा नसून फक्त आतपर्यंत गरम करायचा आहे, हे लक्षात ठेवले की चार तास आणि आठ तास यांतला गोंधळ मिटतो. कारखान्यात शिजवून बंद केलेला हॅम आतून १४० अंश फॅरनहाइटला पोहोचला की पुरे. (दुकानदाराने वेष्टन फोडून पुन्हा बांधलेला असेल, तर मात्र १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस गाठावे लागतात. कच्च्या हॅमचा हिशेब वेगळा असतो : १४५ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती.) ‘लो’ (मंद आच) वर साधारण चार ते सहा तास धरा, आणि चौथ्या तासापासून मांसाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसून पाहा. आठ तास ठेवलेला स्पायरल हॅम कोरड्या तंतूंसारखा होतो. अशी पाककृती लिहिणाऱ्याने बहुधा अख्खा, न कापलेला हॅम घेतला असावा.

झाकणाची अडचण अगदी नेहमीची आहे. चकत्या आधीच कापलेल्या असल्यामुळे नडगीकडच्या काही चकत्या सुरीने हाडापासून सोडवून बाजूला ठेवता येतात. तरीही हाड वर आलेच, तर कुकरच्या काठाभोवती जाड फॉइलचा दुहेरी तंबू घट्ट बांधावा, मात्र मग वेळ थोडा जास्त लागेल. कापलेली बाजू खाली ठेवावी, म्हणजे चकत्या रसात राहतात. द्रव अर्धा कप पुरे, कारण हॅम स्वतःच बराच रस सोडतो. मीठ कशातही घालू नये.

प्रतिसाद :

वरील सर्व मान्य आहे. ग्लेझबद्दल मात्र माझे मत ठाम आहे : सुरुवातीपासून ओतलेला गोड लेप खाली वाहून जातो आणि तळाशी खारट-गोड पाणी होते. कुकरमध्ये फक्त अर्धा कप अननसाचा रस आणि चार लवंगा घालाव्यात. लेप वेगळ्या भांड्यात करावा : एक कप ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे डिजॉन मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), दोन चमचे सायडर व्हिनेगर, चिमूटभर लवंगपूड आणि पाव कप रस, असे मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवावे. गूळ जरूर वापरा, तो सुरेख लागतो; मात्र बारीक चिरून पूर्ण विरघळू द्यावा. ताजे अननस कच्चे घालू नये, त्यातील ब्रोमेलेन नावाचे विकर मांसाची वरची बाजू लिबलिबीत करते. डब्यातला रस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे त्यात ही भीती नाही. ताजेच हवे असेल, तर रस आधी चांगला उकळून घ्यावा.

खमंगपणा मात्र कोरड्या उष्णतेशिवाय येत नाही. हॅम गरम झाला की अलगद फॉइल लावलेल्या ट्रेमध्ये काढावा, लेप चकत्यांच्या फटींत जाईल असा ब्रशने लावावा आणि ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या बाजूने येणाऱ्या थेट प्रखर आचेखाली, तीन ते पाच मिनिटे ठेवावा. त्या वेळी ओव्हनपासून हलू नये. साखर क्षणात करपते. कुकरचे चिनी मातीचे भांडे ब्रॉयलरखाली कधीही ठेवू नये, ते तडकू शकते.

धागाकर्ती :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेष्टन पाहिले, ते मूळचेच असून त्यावर ‘हॅम विथ नॅचरल ज्यूसेस’ असे लिहिले आहे. पाच मिनिटांसाठी ओव्हन मोकळा करता येईल. दोन शंका उरल्या आहेत : हॅम बाराच्या आधीच तयार झाला तर काय करावे, आणि तळाच्या रसाची ग्रेव्ही करता येईल का?

प्रतिसाद :

लवकर झाला तर कुकर ‘वॉर्म’ वर ठेवावा, मात्र थर्मामीटरवर १४० अंशांखाली जाऊ देऊ नये आणि तासाभराहून अधिक ताटकळत ठेवू नये. ब्रॉयलरचे काम पाहुणे टेबलाशी बसायच्या दहा मिनिटे आधी करावे. रसावरची चरबी काढून टाकावी आणि आधी चव घ्यावी. तो आटवल्यास आणखी खारट होईल, म्हणून एक कप रसात अर्धा कप पाणी किंवा अननसाचा रस घालून चमचाभर कॉर्नस्टार्चने दाट करावा. उरलेला हॅम दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून तीन ते पाच दिवसांत संपवावा. हाड फेकू नका, सुक्या हिरव्या वाटाण्याच्या डाळीबरोबर त्याचे सूप उत्तम होते. मीठ शेवटी, लागल्यासच घालावे.