खताच्या पोत्यांपासून केलेल्या वस्त्रांत आपली ओळख कशी उतरवावी?

येरळाकाठ यांचा प्रश्न

मी सांगलीत फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमचे गाव तासगाव तालुक्यात असून घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे. अंतिम प्रकल्पाचा विषय ‘ओळख’ असल्यामुळे मी दुकानातून कापड न आणता आमच्या शेतावर वापरून झालेल्या वस्तूंपासूनच पोशाख करायचे ठरवले. युरियाची विणलेली पोती, बेदाणा शेडची हिरवी शेडनेट आणि आजीची विटलेली इरकली लुगडी एवढे साहित्य जमवले आहे.

पहिला नमुना म्हणून पोत्यावरची छापील अक्षरे समोर येतील असे जाकीट शिवले. वर्गात ते सर्वांना आवडले, आजीने मात्र ते हातात घेऊन बाजूला ठेवले आणि म्हणाली, “पोतं पांघरायची वेळ आमच्यावर आली होती, तू कशाला ते अंगावर घेतेस?” तेव्हापासून माझे काम थांबले आहे. मी माझी ओळख मांडते आहे की तिच्या हलाखीचे प्रदर्शन करते आहे, हे मला ठरवता येत नाही. शिवाय कापलेल्या कडेला पोत्याच्या दशा सुटतात आणि इस्त्री लावली की ते आक्रसते, त्यावरही उपाय हवा आहे.

वाकळ यांचे उत्तर

तुमच्या जाकिटात पोते कापडाच्या जागी आले, पण त्याने शिवण्याची रीत बदलली नाही, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. फॅशन डिझायनर पाको राबान याने १९६६ साली पॅरिसमध्ये धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या चकत्यांचे पोशाख दाखवले, तेव्हा त्याने धातूला कापडासारखे वागवले नाही. सुईदोरा बाजूला ठेवून त्याने चकत्या कड्यांनी एकमेकींत अडकवल्या. त्याची आई बालेन्सियागा या नामवंत डिझायनरच्या शिवणगृहात मुख्य शिवणकार होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याने सुईदोरा सोडण्याला किती अर्थ होता ते कळते. सायप्रसमध्ये जन्मलेला फॅशन डिझायनर हुसेन चलायान याचे २००० सालचे काम तर तुमच्या विषयाच्या अधिकच जवळचे आहे. रंगमंचावर खुर्च्यांची आच्छादने काढून मॉडेलनी ती अंगात घातली, खुर्च्यांच्या घड्या होऊन सुटकेसी झाल्या आणि लाकडी टेबलाचा घागरा झाला. अचानक घर सोडावे लागले तर माणूस काय उचलून नेईल, हा प्रश्न त्यामागे होता, आणि तो सायप्रसमधल्या विस्थापनाच्या अनुभवातून आलेला होता. टेबलाचे चित्र कापडावर छापून हे साधले नसते, कारण अर्थ टेबल उचलून नेण्याच्या कृतीत होता.

आता आपल्याकडे पाहा. पावसात भांगलणीला जाणारा माणूस पोत्याच्या तळाचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवतो आणि तयार झालेली खोळ डोक्यावर घेतो, तेव्हा त्यात एकही काप नसतो आणि एकही टाका नसतो. पाठ झाकली जाते, दोन्ही हात कामाला मोकळे राहतात, आणि पाऊस उघडल्यावर तेच पोते पुन्हा भुईमुगाच्या शेंगा भरायला घेता येते. पाटण आणि जावळीच्या डोंगरात भातलावणीला वाकलेल्या बायका बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पाठीवर घेत, त्याची घडणही वाकलेल्या पाठीवरूनच ठरलेली होती. पावसाचे पाणी कुठून वाहील आणि हात कुठून बाहेर येतील, याचा विचार करून साध्या माणसांनी केलेली ही रचनाच आहे, आणि आपल्या भागातल्या डिझाइनच्या अभ्यासक्रमांत ती अग्रभागी असायला हवी असे मला मनापासून वाटते.

म्हणून छापील अक्षरांपेक्षा त्या घडीपासून सुरुवात करा. पोते न कापता किती पोशाख घडू शकतो ते पाहा. खतकंपनीचे नाव कोणाच्याही घरातल्या पोत्यावर असते, त्यातून तुमच्या घराची ओळख होत नाही. पण आजी खोळ कशी घालायची, ती कोपरा कोणत्या बाजूने आत घ्यायची, हे फक्त तिच्याकडे आहे.

माणदेश यांचे उत्तर

वरच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहून जाते आहे. आज सांगली-साताऱ्याच्या उसाच्या फडात पाचटापासून अंग वाचवण्यासाठी जुने शर्ट आणि पोती अंगावर घेणाऱ्या बायकांमध्ये बीडकडून आलेल्या ऊसतोडणी कामगार मोठ्या संख्येने आहेत. तुमच्या आजीने पोते पांघरले, तो तुमच्या घराचा इतिहास आहे आणि तो सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण बागाईतदार घराच्या मुलीने आजच्या काळातले पोते ‘माझी ओळख’ म्हणून दाखवले, तर त्या बायका चित्रातून पुसल्या जातात. काळ आणि माणूस स्पष्ट करा. प्रकल्पाच्या टिपणात हे पोशाख कोणत्या वर्षांतल्या, कोणाच्या आठवणीतून आले आहेत, हे आजीच्या संमतीने लिहा, आणि तिने नाही म्हटले तर ती वस्तू प्रदर्शनात ठेवू नका.

घोंगडीचाही विचार करावा असे सुचवतो. दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर आणि चिंचोक्याची खळ यांमुळे घोंगडीला जो ताठपणा येतो, त्यामुळे तिचीही खोळ उत्तम होते. मात्र ती विकत आणून शोभेसाठी कापू नये. विणणाऱ्याने पन्ह्याचा आणि लांबीचा विचार करून केलेली ती पूर्ण वस्तू असते.

कापडपेठ यांचे उत्तर

मी शिलाईचे काम करतो, म्हणून फक्त दशा आणि इस्त्री यांबद्दल लिहितो. ही पोती बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असतात आणि हे प्लॅस्टिक साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या बऱ्याच आधीच ते आक्रसू लागते. त्यामुळे इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर, वर सुती फडके ठेवून फिरवावी, किंवा घडी बोटाने दाबून रात्रभर वजनाखाली ठेवावी. कापताना गरम सोल्डरिंग आयर्न पट्टीच्या कडेने ओढले की पट्ट्यांची टोके एकमेकांना चिकटतात आणि दशा सुटत नाहीत. हे काम उघड्या हवेत करा, धूर चांगला नसतो. सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या आणि टाका मोठा ठेवा, कारण बारीक टाक्याने भोके जवळजवळ पडतात आणि पोते त्याच रेषेत फाटते. उसवून पुन्हा शिवता येईल असे समजू नका, पडलेले भोक भरून येत नाही.

प्लॅस्टिक घाम शोषत नाही, म्हणून आतून इरकली लुगड्याचे अस्तर लावावे आणि गळ्याला, काखेला त्याचीच मगजी द्यावी. खताची पोती अनेकदा धुऊन सावलीत वाळवा. कीटकनाशकाचे कोणतेही वेष्टन मात्र अंगाला लागेल असे वापरू नका, ते कितीही धुतले तरी नको.

शेडनेट तपासूनच घ्या. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेली जाळी बोटांत चोळली आणि भुगा हाताला लागला, तर ती शिवणीत टिकणार नाही.

येरळाकाठ

आपणा सर्वांची मी आभारी आहे. शेडनेट चोळून पाहिली, तिचा भुगा झाला, त्यामुळे ती वगळते. काल आजीला जाकिटाबद्दल काही न विचारता खोळ कशी घालायची ते दाखवायला सांगितले. तिने दाखवले, आणि वाकळ यांनी लिहिले आहे त्यापेक्षा एक घडी जास्त घातली, कारण पाठीवर तान्हे मूल असले की त्याच्या डोक्यावर पाणी येऊ नये म्हणून तिच्या गावात तशी घडी घालत. त्या घडीवरून पहिला पोशाख करण्यास तिची हरकत नाही. छापील बाजू आत राहावी, एवढी तिची अट आहे. ती घडी टाका न घालता उभी राहावी यासाठी काय करता येईल?

कापडपेठ

घडीच्या पोटात लुगड्याचा काठ दुहेरी करून सरकवा. इरकलीचा काठ घट्ट विणीचा असतो, त्याने घडीला आधार मिळेल आणि काठ काढला की पोते पूर्ववत होईल.