सप्लाय चेनच्या वर्गात ब्लॉगला गुण: तपासायचं काय आणि कसं?

लातूर_तिसरं_सेम:
एमबीए तिसरं सेमिस्टर, सप्लाय चेन, वर्गात ६० जण. अंतर्गत गुणांपैकी २० ब्लॉगला ठेवायचे आहेत. सध्याचा बेत असा: प्रत्येकानं १० आठवडे, आठवड्याला ३०० शब्द. पण विषय मोकळा सोडला की सुएझ कालवा आणि बुलव्हिप इफेक्ट (मागणीतला छोटा बदल मागच्या पुरवठादारांपर्यंत जाताना मोठा होत जाणं) सगळीकडून उचलून येणार, हे आत्ताच दिसतंय. बाजार समिती जवळच आहे, तिचा उपयोग करून घेता येईल का? आणि गुण नेमके कशाला द्यायचे?

वजनकाटा:
सर, आधी तुमच्या वेळेचा हिशेब मांडा. ६० जण गुणिले १० म्हणजे ६०० लेख. एकाला ८ मिनिटं धरली तरी ८० तास. तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही नुसत्या खुणा करत सुटाल, आणि लेकरांना ते लगेच कळतं.

चौघांचा एक असे १५ गट करा. ८ आठवडे, गटाचा आठवड्याला एकच लेख. १२० लेख, प्रत्येकी १० मिनिटं, २० तासांत भागतं. प्रत्येकाच्या वाट्याला २ लेख येतात. लिहायची पाळी नसेल तेव्हा एकानं आकडा आणायचा, दुसऱ्यानं तो पडताळायचा, तिसऱ्यानं शेजारच्या गटाच्या लेखातली शंका काढायची. कोणी काय केलं ते लेखाखाली एका ओळीत. ती ओळ नसेल तर चौघांत एकच राबतो.

गटाला सेमिस्टरभर एकच माल द्या. सोयाबीन, कापूस, मोसंबी, सळई, काहीही, पण बदलायचा नाही. सुएझ मार्च २०२१ मध्ये ६ दिवस बंद होता, हे कुणीही कुठूनही उतरवून काढेल. आपल्या आडतीवर मंगळवारी किती कट्टे (पोती) उतरले, ते जाऊनच बघावं लागतं.

एक अडचण: नव्या सोयाबीनची आवक दसऱ्याच्या आसपास वाढते. ऑगस्टमध्ये सुरू केलं तर पहिले काही आठवडे जुना साठाच दिसेल. त्यावरच लिहायला लावा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर माल महिनाभर ठेवायला क्विंटलमागे सुमारे ५३ रुपये नुसते व्याजाचे, गोदामभाडं आणि घट वेगळी. भाव किती वाढला तर थांबणं परवडतं, हा पहिला लेख. दिवाळीत बाजार बंद असतो, त्या आठवड्याला लेख ठेवूच नका.

कट्टा_आणि_पट्टी:
गट ठीक, पण २० गुण कसे वाटायचे ते राहिलं. दोन लेखांना ६-६, शंका काढण्याला ४, शेवटच्या तोंडीला ४.

लेखाचे ६ असे: जागेवरून आणलेला आकडा, त्याची तारीख, वेळ आणि एकक यांना २. त्या आकड्यावर केलेल्या गणिताला ३. आधीच्या लेखातली चूक दुरुस्त केली असेल तर १. भाषेला गुण नाहीत. पोरं मराठीत लिहीत असतील तर लिहू द्या. लीड टाइम (मागणी नोंदवल्यापासून माल येईपर्यंतचा काळ), सेफ्टी स्टॉक (अडचणीसाठी राखलेला साठा) हे शब्द तसेच राहिले तरी परीक्षेत अडत नाही.

गणिताला जास्त गुण का, ते ओलाव्यावरून बघा. १५ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल माल १२ टक्क्यांवर वाळवला तर घट किती? निम्मा वर्ग ३ किलो लिहितो. खरं तर कोरडा भाग ८५ किलो, तो तेवढाच राहतो. ८५ भागिले ०.८८ म्हणजे ९६.५९ किलो. घट ३.४१ किलो. १० टनांच्या गाडीत हा फरक ४१ किलोचा, म्हणजे जवळपास एक कट्टा. हे ज्याला जमलं त्याला प्रक्रियेतली घट कळली, मग व्याख्या पाठ नसली तरी चालेल.

कापसाच्या गटालाही असंच. रुईचा उतारा (कापसातून सरकी काढल्यावर मिळणारी रुई) ३४ टक्के धरला तर १७० किलोच्या एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो. उतारा ३३ वर आला तर? जवळपास १५ किलो जास्त. जिनिंगवाला एका टक्क्यासाठी का भांडतो, ते इथं कळतं.

वाळूज_स्टोअर्स:
बाजार समितीचं ठीक आहे, पण काही पोरं इंटर्नशिपला कारखान्यात असतात. तिथला साठा, पुरवठादाराचं नाव, पार्ट नंबर उघड्या ब्लॉगवर गेला की नुसते गुण जात नाहीत, पुढच्या बॅचची दारंही बंद होतात. अशा गटाला खरे आकडे लिहूच देऊ नका. पहिल्या आठवड्याचा साठा १०० धरायचा आणि पुढचे आकडे त्याच्या प्रमाणात. चढउतार दिसतो, गुपित बाहेर जात नाही. ब्लॉगही फक्त वर्गालाच दिसेल असा ठेवा.

सौदा पट्टीच्या (माल विकल्याच्या पावतीच्या) फोटोचंही तेच. त्यावर शेतकऱ्याचं नाव, कधी मोबाइल, गाडी नंबर. नंतर पुसू म्हणतात आणि विसरतात. फोटो काढतानाच त्यावर कागद ठेवायचा.

अजून दोन बारीक गोष्टी. ब्लॉगरवर लेखाची तारीख मागची टाकता येते, म्हणून मुदत लेखावरच्या तारखेवर मोजू नका. लिंक गूगल फॉर्ममध्ये भरायला सांगा, तिथली वेळ धरा, आणि त्याच दिवशी पीडीएफ काढून ठेवा. फायलीला तीच लागते. दुसरं, डीटीपीवाल्याकडून कृतीदेवमध्ये (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप करून आणलेला मजकूर ब्लॉगवर अगम्य अक्षरांचा होतो. पहिल्याच दिवशी युनिकोडचं बजावा.

लातूर_तिसरं_सेम:
गटाचं पटलं, ८ आठवडेच ठेवतो. पण शंकेला गुण दिले की "छान माहिती" अशा ओळींचा पाऊस पडेल. आणि एआयनं लिहून आणलेलं कसं ओळखायचं?

कट्टा_आणि_पट्टी:
शंकेत लेखातला एक आकडा उद्धृत केलेला हवा आणि तो का पटत नाही, किंवा पुढचं गणित काय, ते हवं. नाहीतर शून्य. नमुना: "१ लाख रुपयांच्या वर माल आहे आणि राज्यातच ५०० किलोमीटर जायचंय, तर ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत १ दिवस कशी? २०० किलोमीटरला १ दिवस, म्हणजे ३ दिवस." अशी एक शंका दहा "छान"पेक्षा भारी.

एआय ओळखणाऱ्या साधनांच्या नादी लागू नका, मराठीवर तर मुळीच नाही. तोंडीचे ४ गुण त्यासाठीच आहेत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला ३ मिनिटं, ६० जणांचे ३ तास. त्याच्याच लेखातला एक आकडा बदलून विचारायचं: ओलावा १५ ऐवजी १४ असता तर? ज्यानं केलंय तो कागदावर ८६ भागिले ०.८८ मांडून ९७.७३ काढतो. ज्यानं नाही केलं तो "दोन किलो घट" म्हणतो.