मदत हवी आहे: जन्मसाल ५२, पायथन म्हणतं २०५२

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये भरतोय. जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) सगळ्या तारखा '१५-०८-५२' अशा, साल दोनच आकडी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं स्ट्रपटाइम (मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) ६९ ते ९९ ला एकोणीसशे लावतं आणि ०० ते ६८ ला दोन हजार. म्हणजे १९६८ किंवा त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांचं वय उणे येतंय, आणि ज्येष्ठांचा जादा व्याजदर नेमका त्यांनाच द्यायचाय! त्यात मायएसक्यूएल या डेटाबेसची सीमा एका वर्षाने वेगळी: ६९ साल पायथनमध्ये १९६९, तिकडे २०६९.

तारीख आजच्या पुढची आली तर शंभर वर्षं वजा करून पाहिली. ५२ सुटलं, पण १२ चं काय? १९१२ की २०१२? मुलांच्या नावाचीही खाती आहेत. शिवाय ठेवींच्या मुदतपूर्तीच्या तारखा तर पुढच्याच असणार, त्यांना हा नियम चालणारच नाही. कुणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १
सगळ्या रकान्यांना एकच नियम लावू नका. संस्थेची नोंदणी कोणत्या वर्षी झाली? समजा १९८३. मग खातं उघडल्याची तारीख त्याआधीची असूच शकत नाही, म्हणून ८३ ते ९९ एकोणीसशे, बाकी दोन हजार. ती पक्की झाली की जन्मतारीख तिच्यावरून ठरवा. सभासद सज्ञान असावाच लागतो, त्यामुळे १९९५ च्या सभासदाचं १२ म्हणजे १९१२च. २०१६ चं खातं आणि पालकाचं नाव भरलेलं असेल तर २०१२. पालक रिकामा असेल तर कोडने ठरवू नये, ती ओळ वेगळी काढून मूळ अर्जाशी ताडून बघा.

मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात जपून ठेवा, ही कळकळीची विनंती. आणि '२९-०२-००' तपासा: २००० लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं, तिथे शंभर वजा केले की एरर येईल.

धागाकर्ता
मनापासून आभार! नोंदणीचं साल वापरायचं सुचलंच नव्हतं. मुदतपूर्ती मग ठेवीची तारीख अधिक महिने अशी काढून फाइलमधल्या तारखेशी जुळवतो. पण नूतनीकरण झालेल्या ठेवींना मूळ तारीखच राहिली आहे, तिथे काय करावं?