मदत हवी आहे: वडिलांचं मशिन शॉप चालवतेय, पण सगळं सेटिंग मिस्त्रींच्या वहीत आहे

नमस्कार. इथले धागे बरीच वर्षं वाचतेय, स्वतः लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

कोल्हापुरात आमचं छोटं मशिन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) टर्निंग मशिनं, एक व्हीएमसी (मिलिंगचं तसलंच मशिन), दोन जुने लेथ आणि एक रेडियल ड्रिल. माणसं अकरा. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. बेअरिंग हाउसिंग, पंपाचे भाग, फ्लँज असली कामं. शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पप्पांनी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर सुरुवात केली होती. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं आता बरंच सुधारलंय, पण उजव्या हातात मायक्रोमीटर धरता येत नाही. मी मेकॅनिकल करून पुण्यात सात वर्षं डिझाइनमध्ये होते. नोकरी सोडून आले. मला भाऊ नाही, म्हणून मी आले असं नातेवाईक म्हणतात. भाऊ असता तरी मीच आले असते, मला हे काम आवडतं.

आता अडचण. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीचा, माणूस येतो आणि माझ्यासमोर उभा राहून विचारतो, "साहेब नाहीत का?" बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला गेले तर पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" याचा त्रास होतो, पण त्याने काम थांबत नाही. काम थांबतं ते मशिनपाशी.

आमचे मिस्त्री १९ वर्षं आमच्याकडे आहेत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. सेटिंगला त्यांचा हात धरणारा माणूस मी पुण्यातही पाहिला नाही. चक (पीस धरणारा पंजा) घट्ट झाला की सैल, हे ते आवाजावरून सांगतात. पण ते मला शिकवत नाहीत. ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) टाकायची वेळ आली की स्क्रीन आणि मी यांच्या मधे पाठ करून उभे राहतात. आकडा टाकला, इनपुट दाबलं की लगेच पोझिशनचं पान लावतात. शर्टाच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही, तिला रबर लावलेलं. कुठल्या जॉबला कुठलं टूल, किती स्पीड, किती फीड, कुठल्या कास्टिंगला किती चक प्रेशर, सगळं तिच्यात. मी जवळ गेले की म्हणतात, "ताई, तुमी कशाला हात काळं करतायसा? आपिसात बसा, काय लागलं तर सांगतो की." आवाजात माया असते, म्हणून उलट बोलता येत नाही.

गेल्या महिन्यात एक प्रकार झाला. ६२ एच७ चं बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास ६२.००० ते ६२.०३० मिमीमध्ये बसायला हवा. मामा दोन दिवस गावी होते. नवीन पोराने बोअर गेजने मोजून पीस पास केले, ६२.००३, ६२.००५ असे. दुसऱ्या दिवशी पार्टीकडे त्यांचा प्लग गेज (बोअरमध्ये घालून माप तपासायचा दांडा) आतच जाईना. अख्खी लॉट परत आली. टेंपोचं भाडं दोन्ही वेळचं आमच्या माथी, एक दिवस रीवर्कमध्ये, वर डेबिट नोट. पुन्हा मोजलं तर सगळे ६१.९९४-९५. कारण मला रात्री घरी बसून हिशेब केल्यावर कळलं. कास्ट आयर्न आम्ही कोरडंच कापतो, पीस गरम असतानाच मोजला होता. १५ अंशांचा फरक असेल तर ६२ च्या बोअरला साधारण १० मायक्रॉन (०.०१ मिमी) पडतात. मामांना हे माहीत होतं. ते कायम पीस थंड व्हायला टेबलावर मांडून ठेवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. "असं का?" हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि मामांनी पार्टीला फोनवर सांगितलं, "ताईंनी प्रोग्राम बदलला हुता."

मी प्रोग्रामला हात लावला नव्हता.

त्या दिवशी मी केबिनमध्ये दार लावून रडले. पप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही.

मला विचारायचंय ते असं. मामांना काढून दुसरा सेटर आणावा का? की मी स्वतः सेटिंग शिकावं, आणि शिकायचं तर ज्याच्या हातात विद्या आहे तोच शिकवत नसताना कसं? आणि पार्टीसमोर माझं नाव खराब केलं, त्याचं काय करायचं? तुमच्यापैकी कुणी, विशेषतः बायकांनी, यातून वाट काढली असेल तर मोकळेपणाने सांगा.

—

अंबडवाला:

ताई, मामांना काढू नका. आत्ता तर नाहीच. काढलंत तर वहीसकट जातील आणि महिनाभर तुमचं स्क्रॅप बघून पार्ट्या तुटतील. माझ्याकडे २०११ साली हेच झालंय.

आधी शॉपला कागद लावा. प्रत्येक जॉबला एक सेटअप शीट: टूल नंबर, इन्सर्टचा (टूलच्या बदलत्या पात्याचा) ग्रेड, स्पीड-फीड, चक प्रेशर, पहिल्या पीसचं मोजमाप, सही. मामांकडून वही मागू नका, ती देणार नाहीत. नवीन जॉब लागेल तेव्हा तुम्ही शेजारी पॅड घेऊन उभ्या राहा आणि मोठ्याने विचारून लिहा. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस पाठ फिरवत नाही. शिवाय नवीन कंट्रोलवर कोणी कधी कुठला आकडा बदलला याची नोंद ठेवायची सोय असते. मशिनच्या सर्व्हिसवाल्याला विचारा, चालू करून देईल. म्हणजे पुढच्या वेळी "ताईंनी बदललं" म्हणायला कुणी धजणार नाही.

—

भोसरीकर:

मी बाई आहे आणि भोसरीत टूल रीग्राइंडिंगचं युनिट आहे, म्हणून लिहितेय. तुझी पोस्ट वाचून पहिल्या नोकरीची आठवण झाली. टूलरूममध्ये मी एकटी मुलगी होते. बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, जाऊन यायला दहा मिनिटं. स्वतंत्र सोय असावी हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येच होतं, पण तिथे कोणाला विचारणार? मी दिवसभर पाणी कमी प्यायचे. युनिट काढलं तेव्हा पहिला खर्च बायकांच्या टॉयलेटवर केला, मशिन नंतर घेतलं. तुझ्या शॉपमध्ये आहे का? नसेल तर ते आधी कर. उद्या एखादी आयटीआयची मुलगी ठेवायची म्हटलीस तर ती पहिल्या दिवशी तेच बघणार.

आपल्याकडे बाईला मशिनपाशी येऊ देतात, पण एका रेषेपर्यंतच. चाकणला आता असेंब्ली लाइनवर मुलीच मुली दिसतात, त्याचा आनंदच आहे. पण त्याच कारखान्यात सेटिंगला कोण, मेंटेनन्सला कोण, हे बघ. लोड-अनलोड, इन्स्पेक्शन, पॅकिंग आपल्याकडे, आणि आकडा बदलायचा अधिकार त्यांच्याकडे. तुझे मामा पाठ फिरवतात ती हीच रेषा आहे. १९६७ साली पुण्यातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या लीला पूनावाला पुढे आल्फा लावलच्या प्रमुख झाल्या, त्यांना १९८९ साली पद्मश्री मिळाली. त्याला इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून ऑफसेटच्या पानासाठी भांडतोय.

तर शीक. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शॉप उघड, बरोबर ऑपरेटर घे, आणि स्क्रॅपचं कास्टिंग लाव. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) स्वतः बोअर कर. टूल टच करून ऑफसेट घे. बोअर लहान आलं तर वेअरमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती टाकायच्या रकान्यात) अधिक, मोठं आलं तर उणे, हे हाताने दहा वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. एखादं टूल मोडेल, मोडू दे. एका इन्सर्टची किंमत ती किती. पायापासून शिकायचं असेल तर संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये कमी मुदतीचे सीएनसीचे कोर्स असतात, चौकशी कर.

आणि पार्टीकडे स्वतः जा. गरम पीसचा हिशेब कागदावर मांडून दाखव, चूक कुठे झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंस ते सांग. मामांचं नाव काढू नकोस. त्यांच्या क्वालिटीवाल्याला एकदा कळलं की मायक्रॉनची भाषा या बाईला येते, की तो "साहेब कुठायत" विचारत नाही. माझा तरी हाच अनुभव आहे.

—

जुना टर्नर:

मी ३४ वर्षं मिस्त्री होतो, आता घरी असतो. तुमच्या मामांची बाजू कोणीतरी सांगायला हवी.

ताई, ती वही म्हणजे त्यांची एफडी आहे. त्यांच्याकडे डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही, बहुतेक पीएफही नसेल. मालक आजारी पडले, पुण्याहून शिकलेली मुलगी आली. त्यांच्या मनात पहिला विचार हाच आला असणार की ही शिकून घेईल आणि मला घरी बसवेल. आमच्या वेळी उस्तादही असंच करायचे. जॉबचा शेवटचा कट घ्यायची वेळ आली की आम्हाला चहा आणायला पाठवायचे. मीही पुढे माझ्या हाताखालच्या पोरांना तेच केलं. आज त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही बाई आहात म्हणूनही करत असतील, नाही म्हणत नाही. पण भीती मोठी आहे. ती आधी काढा. पार्टीला खोटं सांगितलं ते मात्र चूकच. ते दार लावून, दोघांतच, स्पष्ट विचारा. चार माणसांत विचारलंत तर ते कायमचे तुटतील.

—

जमाखर्च:

वरच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी लागू होते आणि तुमच्याकडे अकरा आहेत. हिशेब असा: शेवटचा पगार, म्हणजे मूळ अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा मामांचा हा पगार २६,००० आहे, तर वर्षाला १५,००० आणि १९ वर्षांचे २,८५,०००. हे तुम्ही देणं लागताच. ते त्यांना माहीत आहे का? छोट्या शॉपमध्ये बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

दहा माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीही २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मालकीण बाई आहे म्हणून सूट नाही.

आणखी एक. उद्यम नोंदणी अजून वडिलांच्या पॅनवर असेल. भागीदारी करून तुमचा हिस्सा निम्म्याहून जास्त, ५१ टक्के तरी ठेवलात तर ते महिलेचं युनिट धरलं जाईल. केंद्राच्या सरकारी खरेदीत लघुउद्योगांसाठी २५ टक्के आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या युनिटसाठी राखीव आहेत. बँकेतही मग मालक म्हणून तुमचंच नाव पुढे येईल.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दोन सुट्ट्यांना शॉप उघडलं. पहिल्या दिवशी बोरिंग बार चकवर आदळला असता, इमर्जन्सी दाबली. दुसऱ्या दिवशी बोअर गेजवर तीन पीस अगदी मापात आणले आणि तरी आमचा प्लग गेज आत जाईना. थंड करून बघितले, तरी नाही. पीस तसेच टेबलावर ठेवून घरी गेले.

सकाळी मामांनी ते पाहिले. काही न बोलता एक उचलला, बोट आतून फिरवलं आणि म्हणाले, "प्रेशर किती ठेवलतासा?" मी सांगितलं, अठरा. "पातळ भिंत हाय ताई, तीन जॉनं दाबतंय. सुटल्यावर तिकोनी हुतंय. दोन टोकाचं गेज त्येला गोलच दावतंय." मग त्यांनी वही काढली, रबर काढून कोपराला अडकवलं, आणि त्या जॉबचं पान माझ्यासमोर धरलं. पेन्सिलने लिहिलेलं: फिनिशला १०.

त्या संध्याकाळी मामांशी केबिनमध्ये बोलले. ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर मांडून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. पार्टीच्या फोनचं विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाले, "चुकलं माजं." दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर स्वतः त्या पार्टीला फोन लावला. पार्टीकडे मी त्याआधी जाऊन आले होतेच.

अजून सगळं सुरळीत नाही. इतर जॉबची पानं त्यांनी दिलेली नाहीत, मीही मागत नाही. आतापर्यंत सात सेटअप शीट झाल्यात. टॉयलेटचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. पप्पांना आता सगळं सांगितलंय.

एक प्रश्न राहिला. ग्रॅच्युइटीचे पैसे शॉपच्या खात्यात ठेवले की कधी मटेरियलला जातील सांगता येत नाही, म्हणून ते वेगळे काढायचेत. एलआयसीची गट ग्रॅच्युइटी योजना आमच्याएवढ्या शॉपने कुणी घेतलीय का? अकरा माणसांसाठी मिळते का, आणि मागच्या १९ वर्षांची रक्कम एकदम भरावी लागते की हप्त्याने चालते?