'संप' कुणाचा म्हणायचा?

कांद्याचे लिलाव थांबले की आमच्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावला सगळे म्हणतात, 'व्यापाऱ्यांचा संप आहे.' माथाडींनी काम थांबवलं तरी संपच. दोन्हीकडे एकच शब्द चालतो का?

— मला नाही पटत. संपाच्या पोटात एकी आहे. गुजरातीत आजही 'संप' म्हणजे एकोपा. मराठीत एकी करून काम थांबवणं हा अर्थ रूढ झाला. एकट्याने काम चुकवलं तर तो खाडा, सगळ्यांनी मिळून थांबवलं तर संप. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्याही कामावरच्या माणसांनी एकत्र येऊन काम थांबवणं, अशाच अर्थाची होती. मालकाने काम बंद ठेवलं तर त्याला तिथे वेगळा शब्द होता, टाळेबंदी. माझे वडील अंबडला कंपनीत होते. एके सकाळी गेटला कुलूप दिसलं म्हणून भरलेला डबा घेऊन परत आले, तर शेजारी विचारतात, 'काय, संप केला का?' तो प्रश्न त्यांना फार लागला होता.

व्यापाऱ्यांचं म्हणाल, तर सप्टेंबर 2023 मध्ये कांद्यावरच्या 40 टक्के निर्यातशुल्काविरुद्ध त्यांनी जिल्ह्यातले लिलाव थांबवले, तो 'बंद'. जुना शब्द हवा असेल तर हरताळ: हट्ट म्हणजे बाजार आणि त्याला ताळा, म्हणजे कुलूप. ('हरताळ फासणे' मधला हरताळ निराळा, तो पोथीतली चूक झाकायचा पिवळा रंग.) लिलाव नाही तर हमाल-मापाऱ्यांना काम नाही, आणि काम नाही तर मजुरी नाही. त्या बंदला संप म्हटलं की काम मागणाऱ्या हमालानेच काम सोडलं, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

— मग 2017 चा शेतकरी संप? शेतकरी तर कुणाच्या नोकरीत नाही.

— तरी मी त्याला संपच म्हणेन. 1 जूनपासून दूध-भाजीपाला शहराकडे पाठवायचा नाही, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि रोखला तो स्वतःच्या कष्टाचा माल. फक्त त्या दिवसांत माझ्या मावशीच्या शेतात भाजी खुडायला येणाऱ्या बायांचाही रोज बुडाला. त्या 'संप' म्हणत नव्हत्या. 'काम नाही' एवढंच म्हणत होत्या.