रोटरी इंजिन ‘फसलेला प्रयोग’? मला मुळीच मान्य नाही

पीथमपूरकर
चिमणबागवाल्यांनी काल रोटरी इंजिनाबद्दल (ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो ते) लिहिलं, “रोटरी म्हणजे फसलेला प्रयोग. पेट्रोल पितं, ऑइल जाळतं, अर्ध्या वयात उघडावं लागतं. जगाने टाकून दिलं, विषय संपला.” चार वाक्यांत कित्येकांच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर बोळा फिरवलात. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

१९९१ ची ल माँ, फ्रान्समधली ती चोवीस तासांची शर्यत, विसरलात? माझदाची ७८७बी, चार रोटर, २.६ लिटर, सातशेच्या आसपास हॉर्सपॉवर. चोवीस तास रगडली आणि पहिली आली. त्यानंतर जपानी गाडीला तिथे परत जिंकायला २०१८ उजाडलं.

स्पोर्ट्स कारला हलकं, आटोपशीर इंजिन लागतं. माझदाच्याच आरएक्स-७ मध्ये ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसतं, नाक जड होत नाही, म्हणून गाडी वळणावर म्हणाल तशी वळते. पिस्टन दर फेरीला दोनदा थांबून उलटा फिरतो. रोटर एकाच दिशेने गोल फिरत राहतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. आरएक्स-८ नऊ हजार आरपीएमपर्यंत थरथरत नाही ती त्यामुळेच.

चिमणबागवाला
ल माँ एका दिवसात संपते. मला गाडी दहा वर्षं वापरायची असते.

एनएसयू या जर्मन कंपनीचं नाव बरं टाळलंत. १९६७ ला आरओ ८० ही रोटरी गाडी काढली, १९६८ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. मग एपेक्स सील झिजायला लागले, वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ ला फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली. त्रिकोणी रोटरच्या तीन टोकांवरच्या त्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दाम आत सोडावं लागतं, ते जळतंच. शिवाय ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी, पेट्रोल पुरतं जळत नाही. हा दोष कारागिराचा नाही, घडणीतलाच आहे.

सुखलियातली
मी सात वर्षं ऑकलंडला होते. नवऱ्याने जुनी रोटरी गाडी घेतली. एकदा थंडीत दारातून जरा बाजूला सरकवून मी लगेच बंद केली, तर दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. प्लग पेट्रोलने ओलेचिंब. मेकॅनिक म्हणाला, सुरू केलीत की पूर्ण गरम होऊ द्यायची. हे विकणाऱ्याने सांगायला नको होतं? वर्षभरात कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं. इंजिन नव्याने बांधायच्या खर्चात दुसरी गाडी आली असती. तरी ती विकली त्या रात्री हा माणूस जेवला नाही.

टू-स्ट्रोकवाला
ऑइल जळतं म्हणून इंजिन वाईट? मग यामाहाची टू-स्ट्रोक मोटारसायकल आरएक्स १०० पण वाईट म्हणा! ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, १९८५ ते ९६. तीही ऑइल जाळायची, त्याची वेगळी टाकी असायची. कॉलेजात असताना मी तिच्यावर महूहून इंदूरच्या राजवाड्यापर्यंत यायचो. त्या पिकअपची सर आजच्या दीडशे सीसीला नाही. गाडी मेली नाही, प्रदूषणाच्या नियमांनी मारली.

चिमणबागवाला
नियमांनी मारली ते बरं झालं. आमचं घर रस्त्याला लागून. संध्याकाळी निळा धूर थेट माजघरात यायचा. आईला दमा होता. तुमचं पिकअप तिच्या छातीत जात होतं.

टू-स्ट्रोकवाला
तुमच्या आईला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. पण तो धूर टेम्पोंचा, केरोसीन मिसळलेल्या पेट्रोलचा आणि वाट्टेल तेवढं ऑइल ओतणाऱ्यांचा. ऑइलचा पंप नीट लावलेल्या गाडीला धूर कमी असतो. मी स्वतः लावलेत. धूर दिसला की टू-स्ट्रोक, असं धरून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

चिमणबागवाला
धूर कमी असला तरी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातंच, पंप कितीही नीट लावा. तेच रोटरीचं.

सुखलियातली
भांडण मोटारसायकलवर कधी गेलं? मी गाडीचं सांगत होते.

पीथमपूरकर
ताई, बरोबर. आणि टू-स्ट्रोकवाले, तुमच्या मदतीने माझी बाजू उलट पडतेय.

चिमणबागवाले, “तेच रोटरीचं” हे अर्धंच खरं. आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्टची पोर्टं (धूर बाहेर जायची तोंडं) बाजूच्या भिंतीत नेली, म्हणून ताजं मिश्रण थेट बाहेर जायचं थांबलं. तरी युरो ५ हा युरोपातला धुराचा नियम पाळणं जमलं नाही, २०१० ला युरोपात विक्री बंद, २०१२ ला उत्पादनही. मायलेज आणि धुराच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. हे लिहिताना जिवावर येतंय. पण “फसलेला” हा शब्द मागे घ्या. ती ७८७बी जिंकल्यावर इंजिन उघडून पाहिलं होतं, आतून ठणठणीत निघालं.

चिमणबागवाला
“फसलेला” मागे घेतो. “रोजच्या गाडीला न परवडणारा” म्हणतो, त्यावर ठाम आहे. २०२३ ला माझदाने एमएक्स-३० मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर घातला, तोही बॅटरी भरायला. चाकं मोटर फिरवते. तिथे आटोपशीरपणा कामाला येतो, हे कबूल. पण त्याला परफॉर्मन्स कार म्हणू नका.

टू-स्ट्रोकवाला
आरएक्स १०० चं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सुखलियातली
पीथमपूरकर, यांनी वाचलं. विचारतायत, इंजिन बांधायचंच असतं तर सील कुठले घालायचे. गाडी विकून सहा वर्षं झाली.